खोटी कॅसेट, खरी कॅसेट

बाबांच्या मारुती ८०० मधला कॅसेट प्लेअर बदलायचा विषय काढला की घरात भांडण ठरलेलं. म्हणून रविवारी घोटवड्यावरून रिह्याला जाताना मोबाइल जोडला तो वायरवाल्या खोट्या कॅसेटने.

फिलिप्सने १९६३ साली कॅसेट आणली. फितीवरचं बदलतं चुंबकत्व प्लेअरचं हेड वाचतं. खोट्या कॅसेटमध्ये गाण्याची फीतच नाही; तिच्यातलं छोटं हेड मोबाइलमधून आलेल्या सिग्नलचं तसंच चुंबकत्व करून समोरच्या हेडला देतं. गाणं एमपीथ्री आहे, याचा बिचाऱ्या प्लेअरला पत्ताच नाही! (आयफोनने २०१६ साली हेडफोनचं भोकच काढून टाकलं, तो राग वेगळा.)

असो. रिहे आल्यावर बाबांनी ती काढून आजीच्या ओव्यांची कॅसेट घातली. दर वेळी वाजवली की फीत थोडी झिजते. एमपीथ्री करायचं अजून माझ्याकडूनच राहिलंय.