श्वानदंश आणि दैव

पिसाळलेलें कुत्रें चावून मनुष्य दगावला म्हणजे दैवास बोल लावण्याची आपल्याकडे चाल आहे. परंतु ह्या रोगाचा इतिहास पाहिला तर त्यांत दैवाचा वांटा थोडा आणि विलंबाचा फार मोठा आहे, असें आम्हांस दिसून येतें.

रोग पुरातन आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत पिसाळलेल्या जनावराच्या दंशाचें वर्णन असून, ज्यास पाण्याची भीति वाटूं लागली तो वांचत नाहीं, हेंही तेथें सांगितलें आहे. आजही लक्षणें उमटल्यावर बहुतेक कोणी वांचत नाहीं. वैद्यकानें जें मिळविलें तें सारें लक्षणांपूर्वींच्या अवधींत मिळविलें आहे.

इंग्रजी अमलांत प्रथम सुचलेला उपाय कुत्रीं मारण्याचा. १८३२ सालीं मुंबईस ही मोहीम चालली असतां, ज्यांच्या धर्मांत कुत्र्यास मान आहे त्या पारशी लोकांनीं दुकानें बंद केलीं आणि दंगा उसळला. पुढेंही कुत्रीं मारलीं गेलीं. रोग मात्र राहिला.

६ जुलै १८८५ रोजीं पाश्चर यांनीं जोसेफ मायस्टर ह्या नऊ वर्षांच्या मुलास लस टोंचली व तो वांचला. हिंदुस्थानांत असे उपचार देणारी पहिली पाश्चर संस्था १९०० सालीं कसौलीस निघाली. १९०७ सालीं दक्षिणेंत कुन्नूर येथें दुसरी झाली. आतां औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरच्या, त्या वेळच्या रहिवाशाचा विचार करावा. शहर निजामाच्या राज्यांत. आगगाडी नुकतीच आलेली. कसौलीस जावयाचें तर मनमाडास गाडी बदलून दिल्लीवरून कालक्यास पोंचावें आणि पुढें डोंगर चढावा. इकडे त्याच्या जखमेंतील विषही मज्जातंतूंच्या वाटेनें मेंदूकडे निघालेलें असे. ह्या वाटेस बहुधा एक ते तीन महिने लागतात. पण दंश डोक्यास किंवा तोंडावर असला तर वाट आंखूड होते. लहान मुलाचें तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या पातळीस असतें, म्हणून त्यास धोका अधिक.

१९११ सालीं कसौलीसच डेव्हिड सेंपल यांनीं कार्बॉलिकनें निर्जीव केलेली लस सिद्ध केली. ती दूर पाठवितां येऊं लागल्यावर उपचार जिल्ह्याजिल्ह्यांत पोंचला. प्राण्यांच्या मेंदूपासून होणारी ही लस पोटांत टोंचीत. तिच्यामुळें क्वचित् पक्षाघातही होई. २००४ अखेर आपल्या देशांत तिचें उत्पादन थांबलें. आतांची लस दंडांत देतात. आमच्या शहरांतही १९५६ सालीं वैद्यकीय महाविद्यालय निघालें, आणि त्याचें रुग्णालय 'घाटी' ह्या नांवानें सर्वांस ठाऊक आहे. कसौलीचें अंतर असें मिटलें.

तरीही माणसें मरतात. जगांत वर्षास सुमारें ५९,००० बळी जातात, त्यांपैकीं तृतीयांशाहून अधिक आपल्या देशांत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. कारण एक अंतर अजून उरलें आहे. जखम साबण व वाहतें पाणी घेऊन पंधरा मिनिटें धुण्याऐवजीं तींत तिखट किंवा चुना भरतात. ओरखड्यास कोणी मोजीत नाहीं. पाळलेलें किंवा पिलूं म्हणून कुत्र्यावर भरंवसा ठेवितात. खोल जखमेंत लसीबरोबर रक्तद्रवही टोंचावा लागतो, हें पुष्कळांस माहीत नसतें. दोन सुया झाल्यावर बाकीच्या राहतात.

कुत्र्यांसंबंधींही १८३२ चा धडा विसरूं नये. शंभरांतील सत्तर कुत्र्यांस लस टोंचली तर त्यांच्यांतील सांथ तुटते. शेजारच्या गोव्यानें ह्याच मार्गानें २०२१ सालीं रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषणा केली. तेथें जें साधलें तें मराठवाड्यास असाध्य कां असावें?

आणखी एक गोष्ट सरकारच्या नव्हे, आपल्या हातची आहे. कुत्रें चावलें हें मुलें पुष्कळदां माराच्या भीतीनें लपवितात. ज्या घरांत मूल तें निर्भयपणें सांगूं शकतें, त्या घरास घाटी जवळ आहे. इतरांस ती अद्याप कसौलीइतकीच दूर आहे.