नोंदींची जुळणी : मोडकांची जंत्री ते एक्सेलमधील मॅक्रो

प्रस्तावना

इतिहाससंशोधनात कागद मिळविणे जितके महत्त्वाचे, तितकेच एका कागदातील नोंद दुसऱ्या कागदातील नोंदीशी ताडून पाहणे महत्त्वाचे असते. करवीर संस्थानच्या मोडी दप्तरांचा अभ्यास करताना हे काम पदोपदी करावे लागते. अलीकडे अशा नोंदींच्या सूच्या एक्सेलमध्ये तयार करून जुळणाऱ्या नोंदी मॅक्रोच्या, म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञामालिकेच्या, साहाय्याने शोधता येतात. मॅक्रोने दिलेल्या 'नोंद आढळत नाही' या उत्तराचा अर्थ काय घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जंत्रीची परंपरा

जुळणीची अडचण संगणकाने निर्माण केलेली नाही. मराठी कागदांत शालिवाहन शक, हिजरी, फसली, सुहूर अशा अनेक कालगणना आढळतात. कोल्हापुरात अध्यापन करणारे विज्ञानलेखक बाळाजी प्रभाकर मोडक यांनी १८८९ मध्ये इ. स. १७२८ ते १८८९ या कालखंडाची जंत्री प्रसिद्ध केली. निरनिराळ्या कालगणनांतील तारखांचा मेळ घालणारी ही कोष्टके जुळणीचेच साधन होत.

त्यांची गरज एका उदाहरणावरून स्पष्ट होते. पानिपतचा संग्राम पौष शुद्ध ८, शके १६८२ रोजी झाला. शकात सरसकट ७८ मिळविणारा मॅक्रो १७६० हे वर्ष देईल. प्रत्यक्षात तो दिवस १४ जानेवारी १७६१ हा होता. १ जानेवारीपासून शकवर्ष संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. सुहूर सनात हेच वर्ष 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे ११६१, असे अरबी शब्दांत येते. जंत्री पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर महिना असतो. मॅक्रोला तो मुद्दाम सांगावा लागतो.

मॅक्रोतील दोषांचे स्वरूप

पहिला दोष तारखांचा. एक्सेलची दिनगणना १ जानेवारी १९०० पासून सुरू होते. त्यापूर्वीची तारीख तक्त्यात केवळ मजकूर म्हणून राहते. मॅक्रोच्या भाषेला मात्र इ. स. १०० पासूनच्या तारखा समजतात. त्यामुळे एकच तारीख एकीकडे संख्या व दुसरीकडे मजकूर ठरते आणि जुळणी फसते. शिवाय लोटस १-२-३ शी सुसंगती राखण्यासाठी एक्सेलने २९ फेब्रुवारी १९०० हा अस्तित्वात नसलेला दिवस स्वीकारला आहे.

दुसरा दोष लिपीचा. 'कऱ्हाड' हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठविला जाऊ शकतो. डोळ्यांना एक दिसणारे शब्द संगणकाला भिन्न वाटतात. शब्दाअखेरची रिकामी जागाही तोच परिणाम घडविते.

तिसरा दोष शोधाच्या आज्ञेचा. एक्सेलची 'फाइंड' ही आज्ञा मागील शोधाच्या अटी लक्षात ठेवते. आधीचा शोध अंशतः जुळणीचा असेल, तर 'शिंदे' शोधताना 'शिंदेवाडी'ही सापडते.

चौथा दोष सर्वांत घातक. चूक आली तरी पुढे जाण्याची आज्ञा मॅक्रोत घातलेली असल्यास, नोंद न सापडता आधीच्या ओळीचे उत्तर स्मृतीत तसेच राहते व पुढील नावासमोर लिहिले जाते. अशा वेळी एका घराण्याची नोंद निमूटपणे दुसऱ्याच्या नावावर चढते. न सापडलेली नोंद निदान पुन्हा शोधता येते; चुकीची जुळलेली नोंद कोणी शोधत नाही.

निष्कर्ष

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कुणबी नोंदींच्या शोधासाठी जुन्या दप्तरांची तपासणी हाती घेतली, तेव्हा एका नोंदीवर कुटुंबाचा हक्क अवलंबून असतो, हे सर्वांच्या ध्यानी आले. म्हणून मूळ कागदातील तारीख व नाव जसेच्या तसे स्वतंत्र रकान्यात ठेवावे; ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत अशा नोंदींवर मॅक्रो प्रथम तपासावा; 'नोंद नाही' व 'शोध फसला' ही उत्तरे वेगळी नोंदवावीत; आणि न जुळलेल्या सर्व नोंदी मोडी जाणणाऱ्या वाचकाकडे पाठवाव्यात. मॅक्रो शोध जलद करतो; नोंद नाही असा निर्णय मात्र मूळ कागद वाचूनच द्यावयाचा असतो.