उपासनावर्ष (ख्रिस्ती धर्म)

उपासनावर्ष म्हणजे येशू ख्रिस्ताच्या जन्माची प्रतीक्षा, त्याचा जन्म, दुःखसहन, मृत्यू, पुनरुत्थान आणि पवित्र आत्म्याचे आगमन यांचे क्रमाने स्मरण करण्यासाठी ख्रिस्तसभेने आखलेले वार्षिक कालचक्र होय. रोमन कॅथलिक, अँग्लिकन, लुथरन आदी पाश्चात्त्य मंडळ्यांमध्ये ते आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होते. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरेत त्याचा आरंभ १ सप्टेंबरला मानला जातो. या वर्षाकडे सणांची यादी म्हणून पाहिल्यास त्याचा गाभा निसटतो. ख्रिस्ती विचारात श्रद्धेचा आधार घडून गेलेल्या घटनेत आहे, तर आशेचा विषय अजून घडायचा आहे. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात जे डोळ्यांना दिसते त्याची आशा कोणी धरत नाही, असे प्रतिपादन केले आहे. उपासनावर्ष ही आशा केवळ मनोवृत्तीवर सोपवत नाही. तिच्यासाठी दिवस नेमून देते.

कालगणना

उपासनावर्षात दोन चक्रे एकमेकांत गुंतलेली आहेत. नाताळ (२५ डिसेंबर) आणि प्रकटीकरणाचा सण (६ जानेवारी) सौर तारखेने ठरतात. पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, चंद्रावर अवलंबून असतो. तारीख आणि तिथी यांतील भेद मराठी वाचकाला परिचित असल्याने ही रचना समजणे त्याला अवघड जाऊ नये. ईस्टर सर्वांनी एकाच रविवारी पाळावा, असे इ. स. ३२५ च्या निकीया येथील धर्मपरिषदेत ठरले. पुढे रूढ झालेल्या नियमानुसार २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार ईस्टरचा असतो. ही पौर्णिमा आकाशात पाहून नव्हे, तर कोष्टकावरून ठरते. त्यामुळे पाश्चात्त्य गणनेत ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान येतो. बहुतेक ऑर्थोडॉक्स मंडळ्या ज्युलियन दिनदर्शिकेच्या आधारे गणना करतात, म्हणून त्यांचा सण अनेकदा वेगळ्या रविवारी पडतो.

आगमनकाळ

नाताळपूर्वीच्या चार रविवारांचा हा काळ २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांमधील रविवारी सुरू होतो. त्याला नाताळची पूर्वतयारी म्हटले जाते, परंतु आरंभीची वाचने जन्माविषयी नसून ख्रिस्ताच्या दुसऱ्या आगमनाविषयी असतात. त्यानंतर यशया संदेष्टा आणि बाप्तिस्मा करणारा योहान यांचा क्रम लागतो. क्लेअरव्हॉच्या बर्नार्डने बाराव्या शतकात ख्रिस्ताची तीन आगमने सांगितली: एक देहाने झालेले, एक वैभवाने होणारे, आणि या दोहोंच्या मध्ये माणसाच्या अंतःकरणात गुप्तपणे घडणारे. या काळाचा रंग जांभळा असतो; तिसऱ्या रविवारी मात्र गुलाबी वस्त्रे वापरण्याची मुभा आहे. दर रविवारी एकेक मेणबत्ती उजळण्याची प्रथा फार जुनी नाही. योहान हिनरिख विखर्न या जर्मन पाळकाने १८३९ मध्ये हाम्बुर्ग येथील आपल्या अनाथाश्रमात, नाताळला किती दिवस उरले असे सतत विचारणाऱ्या मुलांसाठी, चाकावर मेणबत्त्या लावण्यास सुरुवात केली, असे सांगितले जाते.

प्रतीक्षेच्या या काळाचा विसाव्या शतकातील सर्वांत गंभीर अर्थ तुरुंगात लावला गेला. नाझी राजवटीने बर्लिनच्या टेगेल कारागृहात ठेवलेला लुथरन धर्मज्ञ डिट्रिख बोनहोफर याने नोव्हेंबर १९४३ मधील एका पत्रात कोठडीची तुलना आगमनकाळाशी केली: कैदी आत काहीबाही करीत राहतो, पण दार बाहेरूनच उघडावे लागते. पुढच्या वर्षीच्या आगमनकाळात त्याच तुरुंगात आल्फ्रेड डेल्प या जेझुइट धर्मगुरूने हातांत बेड्या असताना चिंतने लिहिली आणि ती चोरून बाहेर पोहोचवली गेली. डेल्प यांना २ फेब्रुवारी १९४५ रोजी फाशी देण्यात आली. हा दिवस बाल येशूच्या मंदिरातील समर्पणाचा सण होय; आयुष्यभर वाट पाहिलेल्या वृद्ध शिमोनाने बाळाला हाती घेतले, त्या प्रसंगाचा. बोनहोफर यांना ईस्टरच्या पुढच्या आठवड्यात, ९ एप्रिल रोजी, फासावर चढवण्यात आले. त्यांच्या लेखनात सुटकेची खात्री नाही. आशा आणि आशावाद यांत ख्रिस्ती धर्मशास्त्र जो फरक करते, तो येथे व्याख्येशिवाय कळतो.

उपवासकाळ

राखेच्या बुधवारी सुरू होणारा हा काळ रविवार वगळता चाळीस दिवसांचा असतो. येशूच्या अरण्यातील चाळीस दिवसांच्या उपवासाचा त्याला आधार आहे. त्याची घडण प्रामुख्याने ईस्टरला बाप्तिस्मा घेणाऱ्या उमेदवारांच्या तयारीतून झाली. केवळ वैयक्तिक पश्चात्ताप हे त्याचे नंतर ठळक झालेले रूप आहे. बुधवारी कपाळावर लावली जाणारी राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून केली जाते. रोमन विधीत या दिवसापासून ईस्टरच्या रात्रीपर्यंत ‘आलेलुया’ हा शब्द उच्चारला जात नाही.

पवित्र शनिवार आणि ईस्टरची रात्र

पवित्र आठवड्यातील गुरुवारी शेवटच्या भोजनाचे व पाय धुण्याचे स्मरण होते आणि शुक्रवारी क्रूसावरील मृत्यूचे. त्यानंतरचा शनिवार सर्वसामान्य वर्णनांत एका ओळीत संपवला जातो. वस्तुतः उपासनावर्षातील श्रद्धेची कसोटी त्या दिवशी आहे. रोमन परंपरेत त्या दिवशी मिस्सा होत नाही, वेदी उघडी असते, सांगण्याजोगी कोणतीही घटना शुभवर्तमानांत फारशी नाही; शिष्यांच्या दृष्टीने सारे संपलेले आहे. प्रेषितांच्या मतांगीकारात ख्रिस्त मृतलोकात उतरल्याचा उल्लेख आहे. पौर्वात्य परंपरेने यालाच पुनरुत्थानाचे मुख्य चित्र केले: मोडून पडलेल्या दारांवर उभा असलेला ख्रिस्त आदाम आणि हव्वा यांना मनगटाला धरून थडग्यातून वर ओढत आहे. स्विस धर्मज्ञ हान्स उर्स फॉन बाल्थासार यांच्या चिंतनात या मौनाच्या दिवसाला मध्यवर्ती स्थान आहे.

त्या रात्री अंधारात नवा अग्नी पेटवून त्यावरून मोठी मेणबत्ती प्रज्वलित केली जाते. तिच्यावर क्रूस, ग्रीक वर्णमालेतील पहिले व शेवटचे अक्षर आणि चालू वर्षाचे आकडे कोरलेले असतात. गंमत अशी की, हा रात्रीचा विधी रोमन ख्रिस्तसभेत कित्येक शतके शनिवारी सकाळी उरकला जात असे, आणि लख्ख उजेडात रात्रीची स्तुती गायली जाई. पोप पायस बारावे यांनी १९५१ मध्ये तो प्रायोगिक स्वरूपात रात्री करण्यास परवानगी दिली व १९५५ च्या सुधारणेने तो पुन्हा रात्रीचाच झाला.

पुनरुत्थानाचा आनंदकाळ पन्नास दिवसांचा, म्हणजे उपवासाहून मोठा आहे. चाळिसाव्या दिवशी स्वर्गारोहण आणि पन्नासाव्या दिवशी पेन्टेकॉस्ट येतो. उरलेले तेहतीस किंवा चौतीस आठवडे सामान्य काळ म्हणून ओळखले जातात. त्याचा रंग हिरवा. शेवटच्या रविवारी ख्रिस्तराजाचा सण असतो. तो पोप पायस अकरावे यांनी १९२५ मध्ये सुरू केला.

आक्षेप

नेमलेल्या दिवशी शोक आणि नेमलेल्या दिवशी आनंद करणे कृत्रिम नव्हे काय, हा प्रश्न जुना आहे. खुद्द पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात दिवस, महिने, ऋतू पाळण्याबद्दल नापसंती दर्शवली होती. सोळाव्या-सतराव्या शतकांतील प्युरिटनांनी बायबलमध्ये सांगितलेला नाही असा कोणताही सण नाकारला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा करणे दंडनीय होते. समर्थकांचे उत्तर असे की, दुःखात असलेल्याला ईस्टरच्या दिवशी आनंद वाटलाच पाहिजे अशी अपेक्षा नसते. त्याच्या वतीने मंडळी गाते. हे उत्तर सर्वांचे समाधान करील असे नाही, तथापि सामुदायिक उपासनेचे मर्म त्यात आहे.

मराठी परंपरा

थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील राचोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे ‘पैले पुराण’ सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा सांगते आणि ‘दुसरे पुराण’ ख्रिस्तचरित्र. वाट पाहणे आधी, जन्म नंतर हा आगमनकाळाचाच क्रम होय. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या निधनानंतर (१९१९) लक्ष्मीबाई टिळक यांनी पूर्ण केले.

मराठी ख्रिस्ती लोकांत उपासनावर्ष एकसारखे पाळले जात नाही. वसईच्या कॅथलिक समाजात पोर्तुगीज काळापासून त्याची संपूर्ण चौकट रुजली. ‘नाताळ’ हा शब्दही पोर्तुगीजमधूनच मराठीत आला. उलट १८१३ मध्ये मुंबईत काम सुरू करणारे अमेरिकन मिशनरी प्युरिटनांच्या वारशातील मंडळ्यांमधून आले होते आणि त्या वारशात ऋतुचक्राला फारसे स्थान नव्हते. ऋतूंचा मेळही युरोपाप्रमाणे बसत नाही. तेथील ईस्टर हिमानंतरच्या पालवीचा. येथे तो बहुधा होळीच्या किंवा चैत्री पौर्णिमेच्या मागोमाग, ऐन उन्हाळ्यात येतो. झावळ्यांच्या रविवारासाठी मात्र कोकणाला काही आयात करावे लागत नाही. अँग्लिकन, काँग्रिगेशनल, प्रेसबिटेरियन आदी भिन्न सवयींच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी नागपूर येथे स्थापन झाली, ती २९ नोव्हेंबर १९७० रोजी. त्या वर्षीच्या आगमनकाळाचा तो पहिला रविवार होता.