क्रूझ जहाजावरील भोजनवेश

क्रूझ जहाजावरील भोजनवेश म्हणजे पर्यटन जहाजाच्या मुख्य भोजनगृहात रात्रीच्या जेवणाच्या वेळी प्रवाशांनी कोणता पोशाख करावा, याविषयीचे संकेत व नियम होत. हे नियम प्रत्येक जहाज कंपनी स्वतंत्रपणे ठरवते. त्यांसाठी कोणताही आंतरराष्ट्रीय कायदा नाही. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय आगबोटींच्या पहिल्या वर्गात रूढ असलेल्या शिष्टाचारातून ते निर्माण झाले. प्रारंभी औपचारिक पोशाख म्हणजे केवळ पाश्चात्त्य पोशाख असा अर्थ होता. आज अनेक कंपन्या कोणत्याही देशाचा समारंभी राष्ट्रीय पोशाख औपचारिक मानतात. त्यामुळे साडी, बंदगळा कोट, शेरवानी ही वस्त्रे डिनर जॅकेट व ईव्हनिंग गाऊन यांच्या बरोबरीची ठरतात.

स्वरूप

क्रूझ जहाजावर एकाहून अधिक भोजनगृहे असतात. पोशाखाचा नियम प्रामुख्याने मुख्य भोजनगृहाला व विशेष शुल्क आकारणाऱ्या उपाहारगृहांना लागू होतो. स्वतः वाढून घेण्याचे म्हणजे बुफे पद्धतीचे भोजनगृह बहुधा त्यातून मुक्त असते. ज्या प्रवाशाला औपचारिक पोशाख करावयाचा नसतो, तो त्या रात्री तेथे जेवतो. नियम सायंकाळनंतरच पाळावयाचा असतो. न्याहारी व दुपारच्या जेवणाला साधे कपडे चालतात. पोहण्याचा पोशाख आणि अनवाणी पाय मात्र मुख्य भोजनगृहात कोणत्याही वेळी मान्य नसतात.

प्रत्येक दिवसाचा कार्यक्रम केबिनमध्ये पोहोचणाऱ्या पत्रकात किंवा कंपनीच्या मोबाइल ॲपवर दिला जातो. त्यातच त्या रात्रीचा पोशाखही नमूद केलेला असतो. औपचारिक रात्र सहसा जहाज दिवसभर समुद्रात असते त्या दिवशी ठेवतात. बंदरात उतरून फिरून आलेल्या प्रवाशांना तयारीला वेळ मिळत नाही, हे त्यामागील कारण होय. प्रवासाच्या पहिल्या रात्री औपचारिक पोशाखाची अपेक्षा नसते, कारण सामान केबिनपर्यंत पोहोचण्यास उशीर होऊ शकतो. शेवटच्या रात्री सामान बांधून ठेवावयाचे असल्यामुळे तीही मोकळी असते. हे दोन्ही संकेत जुन्या आगबोटींपासून चालत आले आहेत.

इतिहास

आगबोटींचा काळ

पेनिन्सुलर अँड ओरिएंटल, अर्थात पी. अँड ओ. या ब्रिटिश कंपनीला १८४० मध्ये हे नाव मिळाले. पुढे भारत व इंग्लंड यांच्यातील टपाल आणि प्रवासी वाहतुकीत ती अग्रेसर ठरली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर मुंबई हे या मार्गावरील महत्त्वाचे बंदर बनले. या बोटींवर वर्गभेद कडक होता. पहिल्या वर्गाच्या भोजनगृहात रात्री पोशाख बदलून येणे अपेक्षित असे, तर खालच्या वर्गांत तशी सक्ती नसे. पोशाखाचा नियम अशा रीतीने वर्गाची सीमाही दाखवीत असे.

पुरुषांचे आखूड डिनर जॅकेट त्या मानाने अलीकडचे आहे. लंडनचे शिंपी हेन्री पूल यांनी १८६५ मध्ये युवराजांसाठी, म्हणजे पुढे राजा झालेल्या सातव्या एडवर्डसाठी, असा कोट शिवला. तो या पोशाखाचा आरंभ मानतात. अमेरिकेत त्याला न्यूयॉर्कजवळील टक्सीडो पार्क या ठिकाणावरून टक्सीडो हे नाव मिळाले. उष्ण प्रदेशात काळ्या कोटाऐवजी पांढरा कोट घालण्याची प्रथा पडली. नौदलात तांबड्या समुद्रातील उकाड्यामुळे कोट न घालता पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा व कमरपट्टा एवढ्यावर जेवणास बसण्याची सवलत रूढ झाली. तिला आजही 'रेड सी रिग' म्हणतात.

या पोशाखातील काही शब्द भारतातून गेलेले आहेत. डिनर जॅकेटसोबत बांधावयाचा रुंद पट्टा, कमरबंड, हा मूळचा कमरबंद होय. ब्रिटिश सैन्याधिकाऱ्यांनी तो भारतात स्वीकारला. याउलट 'डंगरी' हा शब्द मुंबईतील डोंगरी भागात विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडावरून आला. कामगारांची डांगरी त्याच कुळातली. आजच्या नियमांत कमरबंद औपचारिक रात्री शोभून दिसणारा, तर डंगरीच्या जातीचे कामकरी कपडे त्या रात्री वर्ज्य, असा योग जुळून आला आहे.

मराठी समाजातील भोजनवस्त्र

जेवणासाठी वेगळे वस्त्र नेसण्याची कल्पना महाराष्ट्राला अपरिचित नव्हती. अनेक घरांत, विशेषतः ब्राह्मण घरांत, पुरुष बाहेरचे कपडे उतरवून सोवळ्याचा मुकटा किंवा कद नेसून पानावर बसत. कुळाचार व सणावारांना हा नियम अधिक कडक असे. दोन्ही रीतींत पोशाख बदलल्याशिवाय पंक्तीला बसता येत नसे. मात्र त्यांची दिशा उलट होती. आगबोटीवर कोट चढवावा लागे, तर माजघरात अंगरखा उतरवावा लागे. एका ठिकाणी कसोटी सामाजिक प्रतिष्ठेची होती, तर दुसऱ्या ठिकाणी विधीच्या शुद्धतेची. समुद्रगमनाविषयी धार्मिक निषेध असलेल्या काळात या दोन संकेतांच्या मध्ये सापडलेल्या प्रवाशासाठी बोटीवरील जेवण ही अवघड गोष्ट होती.

मुंबईहून व कोलकात्याहून गेलेले प्रवासी

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी कोलकात्याहून बोटीने अमेरिकेस निघाल्या. आपला पोशाख व आहार न बदलण्याचा निश्चय त्यांनी निघण्यापूर्वीच केला होता. परदेशातील हवेमुळे त्यांनी नऊवारीऐवजी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास सुरुवात केली, परंतु साडी सोडली नाही. त्याच वर्षी इंग्लंडला गेलेल्या पंडिता रमाबाईंनीही धर्मांतरानंतर साडी कायम ठेवली.

मोहनदास गांधी ४ सप्टेंबर १८८८ रोजी 'क्लाइड' या बोटीने मुंबईहून इंग्लंडला निघाले. आपल्या आत्मकथेत त्यांनी या प्रवासाविषयी लिहिले आहे. काटे-चमचे वापरण्याची सवय नव्हती आणि कोणते पदार्थ निरामिष आहेत हे विचारण्याचे धाडस होत नव्हते, म्हणून ते भोजनगृहात न जाता बरोबर नेलेली मिठाई व फळे केबिनमध्येच खात. बोटीवर त्यांनी काळा सूट वापरला आणि पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट किनाऱ्यावर उतरण्यासाठी राखून ठेवला. सप्टेंबरअखेर इंग्लंडमध्ये उतरल्यावर पांढऱ्या कपड्यांत आपण एकटेच आहोत, हे त्यांच्या ध्यानात आले.

१९३१ च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी गांधी 'राजपुताना' या बोटीने मुंबईहून निघाले, तेव्हा त्यांच्या अंगावर पंचा व शाल होती. त्याच महिन्यात त्याच परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरही मुंबईहून बोटीने गेले. पहिल्या परिषदेसाठी १९३० मध्ये त्यांनी 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने प्रवास केला होता. पाश्चात्त्य सूट हा आंबेडकरांचा नेहमीचा पोशाख होता. वस्त्रांवरही जातीची बंधने लादलेल्या समाजात तो सूट समतेचे व आत्मसन्मानाचे प्रतीक मानला गेला. एकाच वेळी, एकाच समुद्रमार्गावर, एकाने पाश्चात्त्य पोशाख नाकारला आणि दुसऱ्याने तो हक्काने अंगावर घातला. दोन्ही कृतींचा संबंध मेजावरील समान स्थानाशी होता.

स्वातंत्र्यानंतर मुंबईहून युरोपला जाणारे विद्यार्थी व नोकरदार पी. अँड ओ., अँकर लाइन आणि इटलीच्या लॉइड ट्रिएस्टिनो या कंपन्यांच्या बोटींनी जात. लॉइड ट्रिएस्टिनोच्या 'एशिया' व 'व्हिक्टोरिया' या बोटी त्या काळी विशेष परिचित होत्या. जेट विमानांच्या प्रसारानंतर ही वाहतूक घटत जाऊन बंद पडली. मुंबईहून कोकणात व गोव्याला जाणाऱ्या किनारी बोटींची गोष्ट वेगळी होती. तेथे बहुतेक प्रवासी डेकवर पथारी पसरून घरून बांधून आणलेली शिदोरी सोडत. भोजनवेशाचा प्रश्न तेथे उद्भवतच नसे.

क्रूझ पर्यटन व नियमांचे शैथिल्य

एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचण्यासाठीच्या बोटी बंद झाल्या, पण निव्वळ सहलीसाठीच्या जहाजांनी त्यांचे शिष्टाचार उचलले. वर्ग नाहीसे झाल्यामुळे पूर्वी पहिल्या वर्गापुरता असलेला भोजनवेश सर्व प्रवाशांना खुला झाला. पुढे प्रवासी अधिक तरुण, सहली अधिक लहान आणि विमानातील सामानाची मर्यादा अधिक काटेकोर होत गेली. तसे नियमही सैल झाले. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० मध्ये 'फ्रीस्टाइल' ही योजना आणून ठरावीक वेळ व औपचारिक पोशाख यांची सक्ती काढली. सेलिब्रिटी क्रूझेसने २०१५ मध्ये औपचारिक रात्रीऐवजी 'ईव्हनिंग शिक' हा मध्यम प्रकार आणला. क्युनार्ड कंपनीने मात्र 'क्वीन मेरी २' व अन्य जहाजांवर 'गाला' रात्रींची परंपरा टिकवून ठेवली आहे.

पोशाखाचे प्रकार

कंपन्यांची नावे वेगवेगळी असली, तरी प्रकार मुख्यतः चार आहेत.

साधा किंवा रिसॉर्ट कॅज्युअल: कॉलरचा सदरा अथवा पोलो टी-शर्ट, पूर्ण लांबीची पँट, कुर्ता, पंजाबी ड्रेस, साधी साडी. पुरुषांसाठी बिनबाह्यांचे बनियन व फाटक्या धाटणीची जीन्स बहुतेक ठिकाणी वर्ज्य असते. अर्ध्या पँटविषयी कंपनीनुसार भेद आढळतो.

स्मार्ट कॅज्युअल: इस्त्रीचा सदरा व पँट, इच्छेनुसार जॅकेट. स्त्रियांसाठी ड्रेस, पंजाबी ड्रेस किंवा सुती अथवा हातमागाची साडी. बहुतांश रात्री हाच प्रकार असतो.

औपचारिक, फॉर्मल किंवा गाला: पुरुषांसाठी डिनर जॅकेट व बो टाय, अथवा गडद सूट व टाय, अथवा बंदगळा. स्त्रियांसाठी गाऊन किंवा भरजरी साडी. सात रात्रींच्या सफरीत अशा रात्री सामान्यतः एक किंवा दोन असतात.

विषयरात्र: सर्वांनी पांढरे कपडे घालणे, काळा-पांढरा मेळ साधणे, मुखवटे लावणे अशा कल्पनांवर आधारित रात्र. यात भाग घेणे बहुधा ऐच्छिक असते.

भारतीय व महाराष्ट्रीय पोशाख

औपचारिक रात्रीसाठी जोधपुरी अथवा बंदगळा कोट, शेरवानी आणि जॅकेटसह कुर्ता-पायजमा हे पुरुषांचे पोशाख सर्वसाधारणपणे स्वीकारले जातात. त्यांच्यासोबत टाय लागत नाही. कुर्ता-पायजम्यावर जॅकेट नसेल, तर तो औपचारिकऐवजी स्मार्ट कॅज्युअल गणला जाण्याची शक्यता असते.

स्त्रियांसाठी रेशमी साडी हा पूर्ण औपचारिक पोशाख होय. महाराष्ट्रात पैठण आणि नाशिक जिल्ह्यातील येवला येथे विणली जाणारी पैठणी अशा प्रसंगी विशेष वापरली जाते. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. जरीचा पदर व काठ यांमुळे तिच्यासोबत अन्य भपक्याची गरज उरत नाही. नऊवारी नेसण्यासही आडकाठी नसते.

भारतीय किनाऱ्यावरील सफरी

मुंबई–गोवा मार्गावर २०१८ मध्ये 'आंग्रिया' हे जहाज सुरू झाले. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया क्रूझेसच्या 'एम्प्रेस' या जहाजाने मुंबईहून गोवा, लक्षद्वीप व कोची अशा सफरी चालू केल्या. मुंबईत बॅलार्ड पिअर येथील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्‌घाटन २०२५ मध्ये झाले. विलायतेच्या बोटी ज्या परिसरातून सुटत, तेथूनच आता सहलीची जहाजे निघतात. या देशांतर्गत सफरी मुख्यतः दोन ते पाच रात्रींच्या असतात आणि त्यांत कुटुंबे मोठ्या संख्येने असतात. पाश्चात्त्य पद्धतीच्या काटेकोर औपचारिक रात्रीऐवजी त्यांत स्मार्ट कॅज्युअल पोशाखावर भर असतो.

व्यावहारिक बाबी

जहाजाचे भोजनगृह वातानुकूलित असते, म्हणून शाल, स्टोल किंवा जॅकेट उपयोगी पडते. जहाज डोलत असताना उंच टाचांची पादत्राणे व पायांत येणाऱ्या साडीच्या निऱ्या जिन्यावर त्रासदायक ठरतात. आगीच्या भीतीमुळे बहुतेक जहाजांवर प्रवाशांना स्वतःची इस्त्री नेता येत नाही. कपडे शुल्क देऊन इस्त्री करून घ्यावे लागतात. त्यामुळे सहज न चुरगळणारे कापड सोयीचे ठरते. जरीची साडी सुती कापडात गुंडाळून सामानाच्या वरच्या थरात ठेवणे इष्ट असते. औपचारिक रात्रीसाठी एकच उत्तम पोशाख नेऊन तो दुसऱ्यांदा वापरणे मुळीच गैर मानले जात नाही. नियम बदलत असल्याने तिकीट काढताना संबंधित कंपनीची ताजी सूचना पाहणे आवश्यक असते.

टीका व बदल

भोजनवेशाच्या समर्थकांच्या मते त्यामुळे सायंकाळला समारंभाचे रूप येते. टीकाकारांच्या मते हे नियम खर्च वाढवतात आणि पाश्चात्त्य पोशाखालाच सभ्यतेचे माप ठरवतात. हा वाद जहाजापुरता मर्यादित नाही. एका क्लबमध्ये वेष्टी नेसलेल्या न्यायाधीशांना प्रवेश नाकारल्याच्या घटनेनंतर तमिळनाडूने २०१४ मध्ये कायदा करून क्लब व तत्सम सार्वजनिक ठिकाणी वेष्टीवरील असे निर्बंध दूर केले. सैन्यदलांच्या अधिकारी मेसमध्येही विशेष भोजनासाठी ठरावीक पोशाख असतो. नाशिक जिल्ह्यात ओझर येथे हवाई दलाचा तळ व देवळाली येथे लष्करी छावणी असल्याने तेथील रहिवाशांना ही पद्धत ऐकून-पाहून माहीत असते. भारतीय नौदलाने २०२४ मध्ये आपल्या अधिकारी मेसमध्ये बिनबाह्यांच्या जॅकेटसह कुर्ता-पायजमा घालण्यास परवानगी दिली. कुर्त्याचा रंग, लांबी व पादत्राणे यांविषयीचे नियम मात्र त्यासोबत घालून दिले. म्हणजे येथे नियम रद्द झाला नाही, तर त्याच्या कक्षेत भारतीय पोशाख आला. क्रूझ कंपन्यांनी राष्ट्रीय पोशाखाला दिलेली मान्यता याच प्रकारची आहे.