परवाना, पाऊस आणि दुनळी

बोईसरमध्ये बँकेसमोर रोकड आणणारी गाडी थांबते, तेव्हा गाडीतून सर्वांत आधी उतरतो तो बंदूकधारी रखवालदार. बहुतेकांची नजर पेटीकडे जाते. त्या बंदुकीकडेही एकदा नीट पाहायला हवे. शेजारी शेजारी दोन नळ्या किंवा एकच लांब नळी, हाताच्या घामाने काळवंडलेला लाकडी दस्ता, झिजलेला पट्टा. मधोमध मोडायची, मागून काडतूस सरकवायचे, पुन्हा मिटायची. ही रचना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पक्की झाली आणि तेव्हापासून जवळजवळ तशीच आहे.

नळीखालची मूठ मागे-पुढे ओढून चालवायची पंप-अ‍ॅक्शन बंदूकही काही कालची नाही. ख्रिस्तोफर स्पेन्सर आणि सिल्व्हेस्टर रोपर यांनी १८८२ साली अमेरिकेत तिचे पेटंट घेतले. जॉन ब्राउनिंगने तिला १८९३ आणि १८९७ च्या विंचेस्टर बंदुकांत असे रूप दिले की पुढची पन्नास-साठ वर्षे ती विकली जात राहिली. म्हणजे दुनळी आणि पंप या जवळपास एकाच पिढीच्या. मग ज्या तारापूरला १९६९ पासून अणूपासून वीज होते, त्याच्या शेजारच्या कारखान्यांच्या आणि बँकांच्या दारात रखवालदार दुनळी घेऊन उभा का? स्वस्त आणि भरवशाची बंदूक कोणती, हा प्रश्न अमेरिकेतला ग्राहक दुकानात उभा राहून सोडवतो. इथे तो प्रश्न दुकानाच्या फार आधी कागदाने, पावसाने आणि काडतुसाने सोडवून टाकलेला असतो.

या किनाऱ्याला बंदूक नवी नाही. तारापूरचा किल्ला पोर्तुगीजांचा. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, जानेवारी १७३९ मध्ये, मराठ्यांनी तटाला सुरुंग लावून आणि नंतर धावा करून तो घेतला. त्या धाव्यात मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. मोहिमेतला हा एक मोठा घाव होता. त्या काळची साधी बंदूक तोडेदार: जळता तोडा बंदुकीच्या कानात टेकवायचा, दारू पेटायची, गोळी सुटायची. पुढे चकमक आली, मग तांब्याची टोपी आली, पण दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासायची पद्धत शंभरहून जास्त वर्षे टिकली. ठासणीची बंदूक हे नाव त्यावरूनच. मराठीने हा सगळा व्यवहार बोलण्यात मुरवून घेतला. ठासून सांगणे, फुसका बार, घोडा दाबणे हे शब्द हातात कधी बंदूक न धरलेली माणसेही रोज वापरतात.

पुढे १८७८ साल उजाडले. लॉर्ड लिटनच्या सरकारने त्या वर्षी देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध आणले, आणि त्याच वर्षी शस्त्रांचा कायदाही केला. शस्त्र बाळगायला सरकारी परवाना लागणार, असे ठरले. युरोपियन मात्र त्यातून मोकळे. १८६४ पासून मुंबई ते गुजरात अशी सलग रेल्वे पालघरवरून धावत होती आणि मुंबईत काळाघोड्याला आर्मी अँड नेव्ही स्टोअर्ससारख्या दुकानांत बर्मिंगहॅम आणि लंडनच्या बंदुका मांडलेल्या असत. पण त्या कपाटापर्यंत कोणाचा हात पोहोचणार, हे परवान्याने ठरवले. संस्थानिक, इनामदार, जंगलाचे ठेकेदार, सावकार, मर्जीतला एखादा पाटील यांच्या घरात बंदूक आली. डहाणू-जव्हारच्या डोंगरातल्या वारल्याच्या हाती तीरकामठाच राहिला.

या विषमतेची किंमत काय झाली, हे आजच्या पालघर जिल्ह्यातच दोनदा दिसले. १४ ऑगस्ट १९४२ ला पालघरच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच तरुण हुतात्मा झाले. गावातला हुतात्मा चौक त्यांचाच. त्यानंतर ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला वेठबिगारीविरुद्ध जमलेल्या वारल्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. जेठ्या गांगडसह पाच जण तिथे पडले. बंदूक फक्त एका बाजूला होती, हे दोन्ही घटनांचे साधे वर्णन आहे.

म्हणूनच १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता, ही गोष्ट आज वाचताना थबकायला होते. संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी तोच हक्क संविधानात घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती मंजूर झाली नाही. स्वतंत्र भारताने परवान्याची चौकट ठेवली, पण तिच्यातला वंशभेद काढून टाकला. या लेखकाला तो निर्णय योग्य वाटतो. तलवाड्याच्या माळावर प्रत्येकाच्या हातात बंदूक असती तर वारली जिंकले असते, असे मानायला काही आधार नाही. ते शेवटी जिंकले ते संघटनेने.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमात मात्र एक कलम शेतकऱ्यासाठी मुद्दाम ठेवलेले आहे. कलम १३ दोन प्रकारच्या बंदुकांना वेगळी वागणूक देते. पहिली, संरक्षणासाठी किंवा खेळासाठी घेतलेली, किमान २० इंच नळीची गुळगुळीत आतल्या अंगाची बंदूक. दुसरी, खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी घेतलेली ठासणीची बंदूक. पिस्तूल किंवा रायफल मागणाऱ्याला तिची गरज पटवून द्यावी लागते. या दोघींच्या बाबतीत कायद्याचा कल देण्याकडे आहे. भारतात शेतघरातली बंदूक बारा बोअरची किंवा ठासणीची का, याचे अर्धे उत्तर या एका कलमात सापडते. दक्षिण कोकणात, विशेषतः सिंधुदुर्गात, पीकसंरक्षणाच्या बंदुका आजही मोठ्या संख्येने आहेत. उत्तरेकडच्या या टोकाला त्या कमी, पण रानडुक्कर दोन्हीकडे तेच आहे.

बारा बोअर या नावातही एक जुना हिशेब आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल, ती नळी बारा बोअरची. व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. या नळीतून सहसा एक गोळी जात नाही, छर्रे जातात. एका औंसात एलजी मापाचे मोठे छर्रे सहा, एसजी मापाचे आठ, आणि पाखरांसाठीचे बारीक छर्रे शेकड्यांनी. अंतर वाढले की छर्रे पांगतात आणि त्यांचा जोर झपाट्याने ओसरतो. वस्तीजवळच्या वाडीत रायफलपेक्षा ही बंदूक कमी धोक्याची मानतात ती याच कारणाने. रायफलची गोळी मैलभर जाऊ शकते.

आता पाऊस. पूर्वी काडतुसाचे कवच कागदी असे, बूड पितळेचे. कोकणातला जून आला की कागद दमट होऊन फुगे. फुगलेले काडतूस नळीत शिरत नसे, आणि शिरले तर बार झाल्यावर अडकून बसे. दुनळी असेल तर बंदूक मोडावी, अडकलेले कवच नखाने किंवा चाकूच्या टोकाने ओढून काढावे, दुसरे घालावे. पंपाच्या बंदुकीत हेच काडतूस नळीखालच्या लांब पोकळीत एकामागे एक रचलेले असते. मूठ मागे ओढली की रिकामे कवच बाहेर पडते आणि नवे वर येते. पुढे ढकलली की ते नळीत बसते. सायकलच्या पंपासारखी ही हालचाल जलद आणि देखणी असते, पण प्रत्येक काडतूस नेमक्या मापाचे असावे लागते. एक जरी फुगलेले निघाले तर सगळी रांग थांबते. हात अर्धवट ओढला गेला तरी तीच गत. प्लास्टिकची कवचे १९६० नंतर जगभर रुळली, तेव्हा कुठे पावसाळी मुलखात पंपाची बाजू भक्कम झाली.

खाऱ्या वाऱ्याचा प्रश्न मात्र प्लास्टिकने सुटला नाही. सातपाटी, मुरबे, चिंचणी, तारापूर या पट्ट्यात सायकलची साखळी टिकत नाही, तिथे पोलादी नळीची काय कथा. अमेरिकेतल्या दोन सर्वांत खपाच्या पंप-बंदुकांची तुलना म्हणून इथल्या वाचकाला बोलकी वाटेल. रेमिंग्टन ८७० ही १९५० साली आली आणि एक कोटीहून अधिक खपली. तिचा मधला भाग अखंड पोलादाचा, अतिशय मजबूत. पण १९८७ मध्ये तिची स्वस्त ‘एक्सप्रेस’ आवृत्ती निघाली, आणि तिच्या खरखरीत, मंद काळ्या पृष्ठभागावर लवकर गंज धरतो ही तक्रार मालकांनी वर्षानुवर्षे केली. मॉसबर्ग ५०० साठच्या दशकाच्या सुरुवातीची. तिचा मधला भाग अ‍ॅल्युमिनियमचा, त्यामुळे तिथे गंजाचा प्रश्नच नाही. तिची सुरक्षा-कळ अंगठ्याखाली, दुनळीसारखीच. तिने अमेरिकी लष्कराची ३,००० काडतुसांची कठोर चाचणी पार केली. स्वस्त आणि भरवशाची, या दोन्ही कसोट्या एकत्र लावल्या तर समुद्रकाठच्या माणसाने मॉसबर्गकडे वळावे, असे म्हणता येते.

पण तो वळणार कसा? सामान्य माणसाने परदेशी बंदूक मागवण्याची वाट ऐंशीच्या दशकात जवळपास बंद झाली. नामांकित नेमबाजांसारखे थोडे अपवाद उरले. तेव्हापासून वेब्ली अँड स्कॉट किंवा ग्रीनरच्या जुन्या विलायती बंदुकीला दागिन्यासारखी किंमत आली आणि नवी बंदूक म्हणजे सरकारी आयुधनिर्माणीची बंदूक असे समीकरण झाले. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरची एकनळी आणि दुनळी देशभर गेली. काडतुसे आपल्या खडकीची. १८६९ पासूनच्या त्या दारूगोळा कारखान्याचे ‘शक्तिमान’ काडतूस बारा बोअरवाल्यांच्या घराघरांत ओळखीचे आहे. पंप-अ‍ॅक्शन बंदूक तिरुचिरापल्लीच्या निर्माणीने काढली, पण बरीच उशिरा. कायद्याने तिला अडवले नव्हते: अर्धस्वयंचलित बंदूक प्रतिबंधित वर्गात मोडते, पंप मात्र हाताने चालवावा लागतो म्हणून मोकळ्या वर्गात राहतो. अडचण होती ती बनवणाऱ्याची आणि सवयीची.

तिरुचीची बंदूक विकत घ्यावी का, हे विचारणाऱ्याला दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली, काडतूस-घराची लांबी. जुन्या बंदुकांचे काडतूस-घर ६५ मिलिमीटरचे, नव्यांचे ७० चे. लांब काडतूस आखूड घरात शिरते, पण बार होताना त्याचे तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. आजोबांची बंदूक आणि नवी बंदूक एकाच घरात असतील तर दोन्हींची काडतुसे वेगळ्या डब्यांत हवीत.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दुनळी रिकामी आहे की भरलेली, हे मोडून दाखवले की घरातल्या लहान पोरालाही कळते. दोन भोकांतून उजेड दिसतो. पंपाचे तसे नाही. खालची पोकळी रिकामी केली तरी एक काडतूस नळीत राहिलेले असू शकते, आणि बाहेरून त्याचा पत्ता लागत नाही. पोलीस ठाण्याच्या टेबलावर, लग्नघरात, रोकड-गाडीच्या अरुंद केबिनमध्ये हा फरक माणसाच्या जिवाचा आहे. रखवालदाराला सहा बार क्वचित लागतात. बंदूक रिकामी आहे हे दिवसातून सहा वेळा दाखवावे मात्र लागते.

पंपाची भारतात खरी ओळख झाली ती शेतावर नाही आणि बँकेतही नाही. २०१० पासून काश्मीरमध्ये जमाव पांगवायला सुरक्षा दलांनी जी ‘पेलेट गन’ वापरली, ती पंप-अ‍ॅक्शन बारा बोअरच आहे, पाखरांसाठीचे बारीक छर्रे भरलेली. २०१६ च्या उन्हाळ्यात त्या छर्‍यांनी शेकडो तरुणांचे डोळे जखमी झाले, कित्येकांची दृष्टी गेली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांनी विंचेस्टर १८९७ खंदकात नेली, तेव्हा जर्मनीने सप्टेंबर १९१८ मध्ये तिच्या क्रूरपणाविरुद्ध रीतसर निषेध नोंदवला होता. ज्या हत्याराबद्दल शंभर वर्षांपूर्वी सैनिकांसाठी हरकत घेतली गेली, ते पोरांच्या चेहऱ्यासमोर यावे, याचे दुःख पंपाच्या कोणत्याही मूल्यमापनात नोंदवलेच पाहिजे.

शेतकऱ्याची गोष्ट निराळी. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला आणि परवान्यासाठी ठाण्याला जाण्याची पायपीट संपली; बोईसर रस्त्यावरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात आता अर्ज जातो. २०१६ च्या नियमांनी शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यायला लावले. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रे ठेवली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली. बाप गेला तर बंदूक आपोआप मुलाची होत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करून मुलाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. पिकात घुसणारे डुक्कर मारायलाही वनाधिकाऱ्याची परवानगी लागते. बहुतेक वेळा आभाळाकडे काढलेल्या एका बारावरच भागते, आणि त्यासाठी एकनळी पुरते.

या सगळ्यात एक अडचण अशी आहे जी कागदावर दिसत नाही. निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांच्या बंदुका जमा करायला सांगतात. आता छाननी समिती प्रत्येकाचा वेगळा विचार करते, तरी अनेकांना पोलीस ठाणे गाठावेच लागते. महाराष्ट्रात २००९, २०१४ आणि २०१९ या तिन्ही विधानसभांचे मतदान ऑक्टोबरात झाले. ऑक्टोबर म्हणजे भात पोटरीतून बाहेर येऊन पिवळे पडण्याचे दिवस, आणि डुकरांचा कळप खाचरात उतरण्याच्या रात्री. तेव्हा बंदूक नावाची चिठ्ठी बांधून ठाण्याच्या खोलीत भिंतीला टेकलेली असते, आणि शेतकरी बांधावर पत्र्याचा डबा वाजवत जागतो. निकालानंतर बंदूक परत मिळते, तोवर कापणी उरकलेली असते. घरी आणल्यावर तो ती आधी मोडतो, उजेडाकडे धरून दोन्ही नळ्यांतून पाहतो, आणि खारा वारा कुठे लागला आहे ते शोधत चिंधीला तेल लावतो.