शिर्डीच्या वाटेवर: क्रूझ कंट्रोल ब्रेक मारायला कसा शिकला?

11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. कारला ताशी 120 ची मुभा, दुचाकींना बंदी. क्रूझ कंट्रोल लावावा असाच रस्ता. पण समृद्धी सोडून शिर्डी गावात शिरलात की बस, रिक्षा, माणसं, आणि सारखा ब्रेक. वेग धरण्यासाठी जन्मलेलं हे यंत्र थांबायला कधी शिकलं, ते आज बघू.

सुरुवात अमेरिकेतली. राल्फ टीटर यांची दृष्टी लहानपणीच गेली होती, तरी ते इंजिनिअर झाले. त्यांचे वकील गाडी चालवताना बोलू लागले की वेग कमी-जास्त व्हायचा. त्या धक्क्यांना वैतागून ही कल्पना सुचली, असं सांगतात. 1950 मध्ये पेटंट मिळालं, क्रायस्लरच्या 1958 च्या मॉडेलांत ते आलं. पण पुढे गाडी आहे की नाही, याचा त्याला पत्ताच नसायचा.

1995 मध्ये मित्सुबिशी डायमांटे लेझरने अंतर मोजू लागली. ती ॲक्सिलरेटर सोडायची, गिअर उतरवायची, पण ब्रेक लावत नव्हती. 1999 मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासनं रडार लावून ब्रेकही हाती घेतला. मात्र वेग फार उतरला की ती अंग काढून घ्यायची. 2005 च्या एस-क्लासपासून गाडी पार शून्यावर येऊ लागली. आपल्याकडे 2021 मध्ये चाकणला बनणाऱ्या महिंद्रा एक्सयूव्ही 700 नं अशी सोय आणली.

आता काम कसं चालतं? पुढच्या गाडीचं अंतर आणि दोघींच्या वेगातला फरक सतत मोजला जातो. आधी ॲक्सिलरेटर सुटतो, मग ब्रेक लागतो. थांबा छोटा असेल तर गाडी आपणच निघते. लांबला, तर बहुतेक गाड्यांत बटण दाबावं लागतं.

खरी गोम पुढे आहे. डोळ्यांदेखत थांबणारी गाडी यंत्राला नीट कळते. आधीपासून उभा असलेला ट्रक मात्र चुकू शकतो, कारण रस्त्याकडेचे खांब, पाट्या बघून उगाच ब्रेक लागू नये म्हणून रडार स्थिर वस्तूंकडे बरंच दुर्लक्ष करतं. आणि रामनवमीला पालखीसोबत चालत येणारे साईभक्त? क्रूझ कंट्रोल त्यांच्यासाठी बनलेलाच नाही.

म्हणून समृद्धी सोडताना क्रूझ बंद करा, पाय ब्रेकवर ठेवा. भेटू पुढच्या भागात.