ऐब कळल्यानंतरचे दिवस

जुलै 2021 मध्ये अमेरिकेतील शेव्हरोले बोल्ट या विजेच्या गाडीच्या हजारो मालकांना सरकारच्या रस्ता सुरक्षा संस्थेकडून आणि कंपनीकडून एक सूचना मिळाली. गाडी घरात किंवा घराला लागून उभी करू नका, चार्जिंग संपले की लगेच बाहेर उघड्यावर काढा, रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका. गाडी चालवू नका असे मात्र कोणी म्हटले नव्हते. गाडी तुमची, हप्ते तुमचे, कामावर जायचेही त्याच गाडीने. फक्त ती आता घराजवळ नको होती.

गाडीतला दोष कळला आणि तो दूर झाला, या दोन तारखांच्या मधला काळ मालकाने कसा काढायचा, याबद्दल कायद्याच्या इतिहासात फार थोडे लिहिलेले आहे. मला तोच काळ महत्त्वाचा वाटतो.

बोल्ट 2016 च्या अखेरीस बाजारात आली. जनरल मोटर्सने ती मिशिगन राज्यातील ओरायन येथील कारखान्यात बनवली आणि मध्यमवर्गाला परवडणारी, एका चार्जिंगमध्ये 383 किलोमीटर जाणारी गाडी म्हणून तिचे कौतुक झाले. तळाखाली 288 सेलची बॅटरी. हे सेल दक्षिण कोरियाच्या एलजी कंपनीचे. पुढे उभ्या असलेल्या काही गाड्यांनी पेट घेतला. 13 नोव्हेंबर 2020 रोजी कंपनीने 2017 ते 2019 या मॉडेलच्या जगभरातील सुमारे 69 हजार गाड्या परत मागवल्या. पण परत मागवल्या म्हणजे नेमके काय केले? तेव्हा दोषाचे कारण सापडलेले नव्हते. मालकांना सांगितले गेले की बॅटरी 90 टक्क्यांच्या वर भरू नका. जुन्या मॉडेलमध्ये टेकडीवर राहणाऱ्यांसाठी एक सोय होती. घरातून निघताच उतार लागला तर ब्रेकमधून परत मिळणारी वीज साठवायला बॅटरीत जागा राहावी म्हणून ती पूर्ण भरू द्यायची नाही, अशी ती सोय. आता सपाट मैदानात राहणाऱ्यांनीही तीच चालू करायची होती.

2021 च्या वसंत ऋतूत नवे सॉफ्टवेअर आले. ते बसवा आणि निर्धास्त व्हा, असा निरोप होता. लोकांनी ते बसवून घेतले. त्यानंतर दुरुस्त झालेल्या गाड्यांपैकी दोन पेटल्या. त्यातली एक व्हर्मांट राज्याच्या विधिमंडळातील एका सदस्याची होती, त्यांच्या घराच्या आवारात उभी असलेली. मग सेल उघडून पाहिले तेव्हा कळले की दोन दोष एकाच सेलमध्ये एकत्र आले की धोका होतो: ॲनोडची पट्टी फाटलेली असणे आणि दोन थरांमधला पातळ पडदा दुमडलेला असणे. हा कारखान्यातला ऐब. सॉफ्टवेअरने दुमडलेला पडदा सरळ होत नाही. 20 ऑगस्टला रिकॉलची व्याप्ती वाढली आणि तोवर बनलेल्या सगळ्याच बोल्ट, म्हणजे सुमारे 1 लाख 42 हजार गाड्या, त्यात आल्या.

आता साधा हिशेब करा. बॅटरी 90 टक्क्यांपर्यंतच भरायची आणि 70 मैलांची, म्हणजे सुमारे 113 किलोमीटरची वीज शिल्लक असतानाच पुन्हा चार्जिंग करायचे. 383 किलोमीटरच्या गाडीतले वापरायला उरले 230 च्या आसपास. थंडीत त्याहूनही कमी. शिवाय बहुमजली वाहनतळावर गाडी ठेवायची तर उघड्या मजल्यावर, दुसऱ्या गाडीपासून 50 फूट लांब ठेवा, असाही सल्ला सप्टेंबरमध्ये दिला गेला. शहरातल्या वाहनतळात 50 फूट मोकळी जागा कुठून आणायची? ज्याच्याकडे अंगण आहे तो निभावून नेईल. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने काय करायचे, याचे उत्तर त्या पत्रात नव्हते. विकायला काढावी तर तिच्यावर हात ठेवणारा गिऱ्हाईक मिळेना. काही गाड्या कंपनीने परत विकत घेतल्या, पण तो प्रत्येकाचा हक्क नव्हता.

अमेरिकेत हा रिकॉलचा कायदा आला 1966 मध्ये, आणि योगायोग असा की त्यामागेही शेव्हरोलेच होती. राल्फ नेडर या तरुण वकिलाने 1965 मध्ये गाड्यांच्या सुरक्षिततेवर पुस्तक लिहिले आणि त्याच्या पहिल्याच प्रकरणात शेव्हरोले कॉर्व्हेअरच्या मागच्या चाकांची रचना उघडी पाडली. जनरल मोटर्सने नेडर यांच्या मागे खासगी हेर लावले. ते उघडकीस आले तेव्हा मार्च 1966 मध्ये कंपनीच्या अध्यक्षांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. त्याच वर्षी कायदा झाला. पण त्या पहिल्या कायद्याने कंपनीवर फक्त दोष कळवण्याचे बंधन घातले होते. दुरुस्ती फुकट करून द्यायची सक्ती 1974 च्या दुरुस्तीने आली. मधली आठ वर्षे कायद्याच्या नजरेत पत्र पाठवले की कर्तव्य संपत होते. आणि आजही दुरुस्ती, बदली की पैसे परत, यातला पर्याय निवडण्याची मुभा तिथे उत्पादकाला आहे, ग्राहकाला नाही.

इथे मला फिकहमधली, म्हणजे इस्लामी विधिशास्त्रातली, एक जुनी संज्ञा आठवते: खियार-ए-ऐब. ऐब हा शब्द मराठीत आहेच. खियार म्हणजे निवड. याच अरबी धातूपासून उर्दूतला अख्तियार आला आणि मराठीतली अखत्यारीही. वस्तूत विकण्यापूर्वीचा दोष निघाला तर सौदा ठेवायचा की मोडायचा हे खरेदीदाराच्या अखत्यारीत असते, असा हा नियम. हनफी ग्रंथ ‘हिदाया’मध्ये त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, 1791 मध्ये, त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. उस्मानी राज्याने 1869 ते 1876 या काळात ‘मजल्ला’ ही संहिता केली, तेव्हा हे नियम कलमवार लिहिले गेले. निवड कोणाची, या प्रश्नावर बाराव्या शतकातला हा मध्य आशियाई ग्रंथ आजच्या अमेरिकी कायद्यापेक्षा ग्राहकाच्या जास्त जवळ उभा आहे.

मात्र जुन्या नियमाला एक काटेही आहे. ऐब कळल्यावरही खरेदीदार वस्तू मालकासारखी वापरत राहिला, तर ती त्याने पत्करली असे मानले जाते आणि निवड संपते. विकत घेतलेल्या जनावराचा दोष समजूनही तो त्यावर बसून कामाला गेला, तर झाले. अपवाद असा: ते परत करायला, पाणी पाजायला किंवा त्याच्यासाठी चारा आणायला बसून गेला तर निवड शाबूत राहते. हा नियम बोल्टला जसाच्या तसा लावला तर रोज कामावर जाणारा प्रत्येक मालक हक्क गमावून बसेल. पण नियमाचा आधार खरेदीदाराची राजीखुशी हा आहे. ज्याच्यापुढे दुसरी गाडीच नाही, आणि ज्याला विकणाराच सांगतो की बॅटरी येईपर्यंत चालवत राहा, त्याच्या चालवण्याला संमती कसे म्हणणार? पाणी पाजायला नेण्याचा अपवाद करणाऱ्या फकिहांना गरज आणि खुशी यांतला फरक कळत होता, हे तर दिसतेच.

दोष सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर आहे, हे आपल्यापैकी बहुतेकांना मदिनेच्या बाजारातल्या त्या प्रसंगावरून माहीत असते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, आणि भिजलेले धान्य वर का ठेवले नाही असे त्यांनी विचारले. इमाम अबू हनिफा (रह.) कुफ्यात कापडाचे व्यापारी होते. भागीदाराने एका कापडाचा दोष न सांगता ते विकले आणि गिऱ्हाईक सापडेना, तेव्हा इमामांनी आलेली रक्कम दान केली असे चरित्रकार सांगतात. पण रिकॉलच्या सर्वांत जवळ जाते ती हजरत वासिला (रजि.) यांची हकिकत. एकाने उंटीण विकत घेतली आणि तो निघाला. वासिला (रजि.) घाईघाईने त्याच्या मागे गेले आणि त्यांनी विचारले, हिच्यात काय आहे ते तुला सांगितले का? मग आणखी विचारले, मांसासाठी घेतलीस की प्रवासासाठी? प्रवासासाठी, असे उत्तर आल्यावर तिच्या पायाला छिद्र असल्याचे त्यांनी सांगितले. विकणारा चिडला, माझा सौदा मोडलास म्हणाला. ‘कशासाठी घेतलीस’ हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. पत्र छापणाऱ्या कंपन्या तो विचारत नाहीत.

बोल्टच्या बॅटऱ्या बदलणे ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झाले. एलजीने त्यासाठी 190 कोटी डॉलरपर्यंत भरपाई देण्याचे मान्य केले. आधी जुन्या मॉडेलांचा नंबर लागला. 2020 ते 2022 मॉडेलच्या मालकांना 2023 मध्ये वेगळाच तोडगा मिळाला. नवे सॉफ्टवेअर बसवायचे, सुमारे 10,000 किलोमीटर गाडी 80 टक्के चार्जिंगवर चालवायची, तेवढ्यात दोष आढळला तर बॅटरी बदलून मिळेल, नाहीतर मर्यादा आपोआप उठेल. तपासणी खरोखर उपयोगी असेलही. पण ती मालकाच्या रोजच्या प्रवासातून, त्याच्याच वेळेवर होत होती. 2024 मध्ये एका सामूहिक दाव्यात 15 कोटी डॉलरची तडजोड झाली आणि हे सॉफ्टवेअर घेतलेल्यांना 1,400 डॉलर देण्याचे ठरले. वस्तू परत करणे शक्य नसेल तेव्हा किमतीतला फरक द्यावा, हा हनफी नियमही याच जातीचा.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 110-अ आले. केंद्र सरकार आता सदोष गाड्या परत मागवण्याचा हुकूम देऊ शकते, आणि उत्पादकाने पूर्ण किंमत परत करावी, गाडी बदलून द्यावी किंवा दुरुस्त करावी असे त्यात आहे. निवड ग्राहकाची, असे नाही. मार्च 2022 मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटली. त्याच सुमारास वेल्लोरमध्ये चार्जिंगला लावलेल्या स्कूटरला आग लागून वडील आणि मुलगी दगावली. एप्रिलमध्ये पुण्यातल्या त्या स्कूटरच्या कंपनीने 1,441 स्कूटर तपासणीसाठी स्वतःहून परत मागवल्या. या स्कूटर ज्या इमारतींत राहतात तिथे चार्जिंगची वायर बहुधा जिन्याखालच्या मीटरच्या खोलीतून येते, आणि खाली उतरायचा जिना तोच एक असतो.